अम्माचे एकोणीस कोलम

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. त्या वर्षांत मी तंजावूरबाहेर तिरुच्चीच्या रस्त्यावरच्या एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला नुकतीच लागले होते. कॉलेज नवं, अर्ध्या इमारतीला रंगही लागलेला नव्हता, पण लॅबमध्ये तीस कॉम्प्युटर होते आणि त्यातले चार-पाच रोज रुसून बसलेले असायचे. पोरं बोंब मारत यायची, "मिस, माऊस हलेना!" मी जायची, उलटा करून गोळी काढायची, आतला मळ नखानं खरवडायची, परत बसवायची. माऊस हलायचा. पोरांना ती जादू वाटायची आणि मलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं. बिघाड बघितला की कुणी काय केलं असेल ते मला बरोबर कळतं, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

घरात आम्ही दोघीच, मी आणि अम्मा; कैक पिढ्या तंजावुरात राहिलेलं आमचं मराठी घर. वडील जाऊन चार वर्षं झाली होती आणि अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिकडे अमेरिकेत कोड लिहीत होता. आमच्या वीदीतली, म्हणजे गल्लीतली, निम्मी पोरं तेव्हा तिकडेच पळाली होती. घरचा कॉम्प्युटर मी हप्त्यानं घेतला, तो माझ्या कामासाठी. अम्मा त्यावर बसेल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

पण अम्माचे गुडघे गेले. आमच्याकडे दारात रोज पहाटे कोलम पडतो. कोलम म्हणजे तांदळाच्या पिठीची रांगोळी: आधी ओळीनं ठिपके मांडायचे, मग त्यांच्याभोवती रेघ वळवत वळवत जिथून निघालो तिथे परत आणायची. आमच्या वीदीत अम्माच्या कोलमला तोड नव्हती. मार्गळी महिन्यात, थंडीच्या दिवसांत, जेव्हा रोज नवा आणि मोठा कोलम काढायचा असतो, तेव्हा चार घरं पलीकडच्या बायका दूध आणायच्या निमित्तानं आमच्या दारावरून जायच्या. कुणी वहीत उतरवून न्यायच्या. शेजारच्या मामी तर सरळ उभ्या राहून ठिपके मोजायच्या. गुडघे गेल्यावर अम्मा एक मार्गळी नुसती ओट्यावर खुर्ची टाकून बसली. कामवाली बाई वाकडंतिकडं काहीतरी काढायची आणि अम्मा मान फिरवायची.

एका रविवारी मी तिला चित्रं काढायचा प्रोग्राम उघडून दाखवला, नुसती गंमत म्हणून. तिनं माऊस धरला तो लाटणं धरावं तसा, दोन्ही हातांनी. पहिल्या दिवशी रेघ कुठच्या कुठे गेली. आठ दिवसांनी मी कॉलेजातून आले तर पडद्यावर पंधरा ठिपक्यांचा कोलम होता, एक रेघ न तुटलेली. मी तो प्रिंटरवर छापला. दुसऱ्या दिवशी कामवालीनं कागद पाहून तो दारात काढला, अम्मानं ओट्यावरून "डावीकडे, डावीकडे" असं ओरडत काढून घेतला म्हटलं तरी चालेल. मामी ठिपके मोजायला आल्या. अम्माचा चेहरा मला अजून दिसतो.

मग तिनं बेत आखला. येत्या मार्गळीसाठी तीस कोलम आधीच तयार करायचे, रोजचा एक. कागद दाराशी लावायचा म्हणजे वीदीतल्या बायकांनाही उतरवता येईल. दुपारी जेवणं झाली, भांडी झाली, की ती कॉम्प्युटरपुढे बसायची. अडचण एकच होती, माऊसची वायर. टेबल लहान, वायर आखूड, तिचा हात मोठी वळणं घ्यायला निघाला की वायर अडायची आणि रेघेला झटका बसायचा. "कोणी पदर धरून ओढल्यासारखं होतें," म्हणायची. उन्हाळ्यात अण्णा आला तो तिच्यासाठी बिनवायरचा माऊस घेऊन. तंजावुरात तोवर तसला कुणी पाहिला नव्हता. माऊसच्या पोटात दोन सेल, आणि वेगळी एक दुधी रंगाची डबी, तिची वायर कॉम्प्युटरच्या पाठीत. डबीच्या डोक्यावर एक लहानसा गोल खळगा आणि खळग्यात बटण. ते दाबलं की डबी माऊसला ओळखते, एवढं अण्णानं समजावलं. अम्मानं माऊस मांडीवरच्या फळीवर घेतला आणि अशी वळणं काढली की अण्णा टाळ्या वाजवायला लागला.

नवरात्र येईपर्यंत एकोणीस कोलम झाले होते.

सरस्वतीपूजेच्या दिवशी आमच्याकडे पुस्तकं, वह्या, हत्यारं, जे जे म्हणून पोट भरतं आणि डोकं चालवतं ते सगळं पूजेत मांडतात. त्या दिवशी त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला सकाळी, परत पूजा करून मग प्रत्येकानं आपापली वस्तू उचलायची आणि थोडंसं तरी काम करायचं. विद्या त्या दिवशी नव्यानं सुरू होते. कॉम्प्युटर काही देवापुढे उचलून नेता येत नाही, म्हणून तो जागेवरच पुजायचा. प्रत्येक भागाला गंधाचा ठिपका, त्यावर कुंकू. वडील गेल्यापासून कुंकवाची बोटं लावायचं काम अम्मानं माझ्याकडे दिलं होतं. मी म्हणाले होते, हे असलं काही मानू नकोस, तूच लाव. तिनं ऐकलं नाही. ती सहाणेवर चंदन उगाळून द्यायची, घट्ट, लोण्यासारखं, आणि आत सुंडलसाठी हरभरे शिजवायला निघून जायची.

तेव्हा ठिपके मी लावले. मॉनिटरला एक, कीबोर्डला एक, प्रिंटरला एक, माऊसच्या पाठीवर एक. शेवटी ती दुधी डबी उरली. तिच्या डोक्यावरचा खळगा माझ्या बोटाच्या टोकाएवढाच होता, ठिपक्यासाठीच केल्यासारखा. मी त्यात चंदन भरलं, बोटानं नीट दाबून बसवलं आणि वर कुंकवाचा कण ठेवला. छान दिसलं. मी उदबत्ती ओवाळली आणि सुंडल खायला गेले.

विजयादशमीला सकाळी परत पूजा झाली. अम्मानं ओल्या फडक्यानं सगळ्यांवरचं कुंकू पुसलं. मी एका जाड पुस्तकातलं पान वाचलं, तेवढ्यावर माझी विद्या सुरू झाली. अम्मा स्वयंपाकघरात पिठी मळत होती, ती पदराला हात पुसत उत्साहानं आली आणि विसावा कोलम सुरू करायला बसली. मी कॉम्प्युटर चालू करून दिला. पडद्यावरचा बाण मधोमध थांबलेला. अम्मानं माऊस सरकवला, बाण हलेना. परत सरकवला. फळीवर जरा आपटला.

"हलेना गो," ती म्हणाली.

मी माऊस हातात घेतला. त्याच्या कडेला, बोटं टेकतात तिथे, पांढरी पिठी लागलेली होती. मला तेवढंच पुरलं.

"हात धुतलीस का?"

"पुसले की मी."

"पुसले! किती वेळा सांगाच तुज? हे मशीन आहे, जातं नाही. पिठी आत गेली की संपलं."

तिनं बोटांकडे पाहिलं. "इतकीशी तर आहे," ती हळूच म्हणाली.

मी तिथेच थांबले असते तरी निभावलं असतं. पण शेजारच्या मामी सणाचं ताट घेऊन त्याच वेळी आत आल्या होत्या, आणि माणसं समोर असली की माझी जीभ जास्तच चालते. मी म्हणाले, "अण्णानं तिकडून आणलेली महागाची वस्तू, चार महिन्यांत वाट लावलीस. तुझ्या वयाला हे झेपाचं नाही. सोडून दे हा नाद." मामींनी ताट टेबलावर ठेवलं आणि उगाच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. अम्मा उठली, गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठली, आणि न्हाणीघरात जाऊन तिनं हात धुतले. पाणी बराच वेळ वाजत होतं.

मग मी माझी विद्या दाखवायला घेतली. मामी गेल्यावर दोन तास मी त्या माऊसच्या मागे होते. आधी सेल बदलले. जुन्या बसस्टँडजवळच्या दुकानातून नवे आणले, तरीही हलेना, म्हणून दुसऱ्या दुकानातून आणखी दोन आणले. गोळी काढली, पुसली, आतले रूळ पिनेनं साफ केले. त्यांच्यावर पिठी निघाली का? निघाली, चिमटीतही येणार नाही एवढीशी. पण मला ती दिसल्याबरोबर केवढा आनंद झाला! बघ, म्हणून मी ती बोटावर घेऊन स्वयंपाकघरात दाखवायलासुद्धा गेले. अम्मानं मान हलवली. डबीची वायर काढून परत लावली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मॉनिटरजवळ असली की डबीला ऐकू येत नाही असं पुस्तिकेत होतं, म्हणून ती लांब ठेवली, खिडकीत ठेवली, स्टुलावर ठेवली. सीडी घालून सगळं पुन्हा बसवलं. शेवटी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे डबीचं बटण दाबलं. ते दबल्यासारखं वाटलं नाही, पण मी स्वतःला म्हटलं, असंच असेल. त्या खळग्यात मी नीट वाकून पाहिलं नाही. डबी दुधी रंगाची आणि वाळलेलं चंदनही दुधीच, हे खरं. पण पिठीचा कण मला लांबून दिसला होता आणि माझ्याच बोटाचं चंदन नाकासमोर असून दिसलं नाही. चोर सापडल्यावर तपास कोण करतो?

मी माऊस आणि डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खणात टाकली आणि जुना वायरचा माऊस परत जोडला. म्हणाले, "घे, ह्याच्यावर काढ." अम्मा म्हणाली, "नको गो. तेंही बिघडेल." मी आग्रह केला नाही. मला वाटलं, चार दिवस रुसेल आणि मग बसेल. ती बसली नाही. दुपारी ती खोलीत यायची, माझ्या वह्या सरळ करायची, मॉनिटरवर फडकं फिरवायची, पण फडक्याच्या आतून, बोट न लावता.

मार्गळी आली. रोज एक कागद दाराशी लागायचा, कामवाली तो काढायची, बायका थांबायच्या. अम्मा ओट्यावर असायची, पण डावीकडे-उजवीकडे करायची नाही. एकोणिसावा दिवस संपला. विसाव्या दिवशी कागद नव्हता. कामवालीनं विचारलं, "अम्मा, आजचा कागद?" अम्मानं सांगितलं, "संपले. तूज येते ते काढ." तिनं चार रेघांचा नेहमीचा कोलम काढला. त्या सकाळी मामी आल्या, दारात पाहिलं आणि न विचारता परत गेल्या. मी हे सगळं स्कूटरला किक मारता मारता पाहत होते. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मनात हेच होतं की हात धुऊन बसली असती तर ही वेळ आली नसती.

मार्गळीचा शेवटचा दिवस म्हणजे भोगी. त्या दिवशी घरातलं जुनं, मोडकं बाहेर काढतात आणि दारात जाळतात; न जळणारं भंगारवाल्याला जातं. मी खण रिकामे करत होते. पिशवीतली डबी हाताला लागली. भंगारात टाकायच्या आधी तिची वायर तरी काढून ठेवावी म्हणून मी ती उजेडात धरली, आणि खळग्याच्या कडेला एक बारीक भेग दिसली, वाळलेल्या चिखलाला पडते तशी. मी केसातली पिन काढून टोकरलं. एक पापुद्रा निघाला, मग त्याखालचा घट्ट तुकडा. तो बोटांत चुरला आणि वास आला.

चंदनाचा वास किती दिवस राहतो हे मला त्या दिवशी कळलं. पुढचा तुकडा निघाल्याबरोबर खळग्यातलं बटण टक् करून वर आलं. तीन महिने ते दाबलेल्या अवस्थेत अडकून पडलं होतं. मी डबी कॉम्प्युटरला लावली, माऊसमध्ये सेल घातले, बटण दाबलं. बाण हलला. मी तो चारही कोपऱ्यांत फिरवला, आणि माझे कान तापले. घरात दुसरं कुणी कुंकवाचं बोट लावत नाही. ते मीच लावलं होतं, दाबून, छान दिसावं म्हणून.

अम्मा दारात उभी होती. ती कधी आली मला कळलं नाही.

"चालतें का?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात काय होतं ते मला सांगता येणार नाही. आशा होती असं मला वाटतं.

"हो."

"काय झालं होतं गो त्यास?"

माझ्या मुठीत चंदनाचा चुरा होता. मूठ उघडली असती तर झालं असतं. त्या क्षणी मला मामींसमोरचं माझं ते बोलणं आठवलं, शब्दन् शब्द, आणि मी कॉलेजातली मिस, माझ्याकडून ही चूक झाली, हे तोंडातून निघेना. मी म्हणाले, "आत काहीतरी अडकलं होतं."

"पिठी?"

एवढा एक प्रश्न. मला फक्त नाही म्हणायचं होतं.

"असेल," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. आपले दोन्ही हात तिनं उलटे-सुलटे करून पाहिले आणि पदरात गुंडाळले. "सरी, बरं. आता तूच ठेव नीट," म्हणाली आणि पोंगलसाठी गूळ फोडायला गेली. मी मूठ खिडकीबाहेर झटकली.

त्यानंतर कितीतरी वेळा मी तिला बसवायचा प्रयत्न केला. नवा माऊस आणला, मोठं टेबल आणलं, मोठा पडदा आणला. प्रत्येक वस्तू आणताना मला वाटायचं, आज सांगू. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "माझा हात नको. माझ्या हातान मशीनं बिघडतात." ती हे रागानं म्हणत नसे, ते सगळ्यात वाईट होतं. तिनं ते खरं धरून चाललं होतं. पाहुण्यांना सांगायची, "लेक बिचारी किती सांभाळून घेते, मी तिची इतकी महागाची वस्तू बिघडवली पण नंतर एक शब्द बोलली नाही." पाहुणे माझं कौतुक करायचे. मी कॉफी आणायच्या निमित्तानं आत जायची.

मग फोन आले, आधी बटणांचे, मग काचेचे. अण्णा पडद्यावर दिसतो, नातवंडं दिसतात. अम्मा अजून त्या काचेला बोट लावत नाही. फोन वाजला की मला हाक मारते. मी घरात नसले तर तो वाजून वाजून थांबतो. गेल्या वर्षी अण्णा दवाखान्यात होता, त्यानं तीनदा फोन केला आणि मी बाजारात होते. मी आले तेव्हा ती फोनसमोर खुर्ची टाकून बसली होती, हात मांडीवर, पदराखाली. "मी उचलला असता आणि बंद पडला असता तर?" ती म्हणाली. ती रडत होती. मी फोन लावून दिला, अण्णा बरा होता, आणि ह्याही वेळी मी काही सांगितलं नाही.

एका माऊसचं काय एवढं, असं लोक म्हणतील. मीही स्वतःला म्हणून पाहिलं आहे. पण तिच्या हातांत एक विद्या होती. गुडघ्यांनी ती काढून घेतली, मशीननं परत दिली, आणि मी ती दुसऱ्यांदा काढून घेतली. पुढे मशीनकडून ती मिळू शकत होती, रोज, वीस-बावीस वर्षं. त्यासाठी मला एक वाक्य बोलायचं होतं. मी भित्री आहे आणि मला त्याची लाज वाटते.

म्हणून हे लिहायला बसले. मराठीत लिहितेय, देवनागरीत. ही अक्षरं मी शाळेत हिंदीच्या परीक्षा देताना शिकले. अम्मा जन्मभर मराठी बोलली, पण तिला वाचता येतं ते फक्त तमिळ. तमिळमध्ये लिहिलं असतं तर तिनं चष्मा लावून, बोट फिरवत फिरवत शेवटपर्यंत वाचलं असतं. हे लिहिताना मला ते ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही.

आत्ताच ती काठी टेकत खोलीत आली आणि माझ्या मागे उभी राहून कागदाकडे बघत राहिली.

"एवढं काय लिहितेस गो? तमिळ नाही, आपल्या भाषेत दिसतें. वाचून दाखव की."

"काही नाही," मी म्हणाले. "कॉलेजचं काम."